एनपीटेलचा पायथन कोर्स: कोर्सला पाच स्टार, आम्हाला दोन

आधीच सांगते, मी काही रिव्ह्यू लिहिणारी बाई नाही. मिक्सर घेतला होता तेव्हा दोन ओळी टाकल्या होत्या, तेवढाच अनुभव. पण गेल्या जुलैच्या बॅचला आमच्या कॉलेजातल्या सेकंड इयरच्या पोरापोरींना घेऊन एनपीटेलवरचा 'द जॉय ऑफ कम्प्युटिंग यूजिंग पायथन' हा बारा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स (पायथन म्हणजे प्रोग्राम लिहायची एक भाषा) केला (म्हणजे त्यांनी केला, आणि त्यांच्यासोबत मी पण नाव घालून केला, काठावर उभं राहून पोहायला शिकवता येत नाही) आणि तेव्हापासून या कॉलेजच्या मॅडम, त्या कॉलेजचे सर, सगळे फोन करून विचारतायत की कसा आहे, आमच्या पोरांना लावू का. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच टाइप करून टाकते. लांबणार आहे, चहा ठेवून या.

आमचं कॉलेज सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याच्या ठिकाणचं. निम्मी पोरं आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीच्या पासवर येतात. मी तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबी, म्हणजे पगार कधी होतो ते विचारू नका. लॅबमध्ये बावीस कॉम्प्युटर आहेत असं रजिस्टर म्हणतं, चालू सतरा. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

ज्यांना एनपीटेल माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने मिळून हे सुरू केलं, आधी नुसते लेक्चरचे व्हिडिओ होते, २०१४ पासून परीक्षा आणि सर्टिफिकेटवाले कोर्स आले, आणि २०१७ च्या जुलैत सरकारचं स्वयम पोर्टल आलं त्याच्यावर पण हे मिळतात. शिकायला एक रुपया लागत नाही. सर्टिफिकेट पाहिजे असेल तरच परीक्षेची फी, आम्ही भरली तेव्हा एका कोर्सला हजार रुपये होती, एससी-एसटी आणि दिव्यांग मुलांना निम्मी. बारा आठवड्यांच्या कोर्सला तीन क्रेडिट, म्हणजे डिग्री पुरी करायला साठवायचे ते पॉइंट. यूजीसीने २०१६ ला सांगितलं की डिग्रीतले वीस टक्क्यांपर्यंत क्रेडिट असे ऑनलाइन घेता येतील, २०२१ ला ते चाळीस टक्के केलं. म्हणजे कागदावर बघितलं तर आमच्या पोराला बी.एस्सी.चा बराचसा भाग आयआयटीच्या प्रोफेसरांकडून घरबसल्या शिकता येतो. कागदावर.

आता कोर्स. आयआयटी रोपरचे प्रा. सुदर्शन अय्यंगार यांचा आहे, आणि खरं सांगू का, मी एम.एस्सी. करताना मला असं कुणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं. व्हिडिओ छोटे छोटे आहेत. तासभर एकच माणूस फळ्याकडे तोंड करून बोलतोय असं नाही. सुरुवात थेट पायथनने होत नाही, स्क्रॅच नावाच्या त्या लहान मुलांच्या ठोकळेवाल्या सॉफ्टवेअरने होते, मांजर इकडून तिकडे चालवायचं, त्यावर आमची पोरं आधी हसली की मॅडम हे तर पाचवीचं आहे, आणि नंतर अर्धा तास कुणी जागेवरून उठलं नाही. मग पुढे कोडी, खेळ, सापशिडी, फुली-गोळा, लॉटरी, शाळेत वहीच्या मागच्या पानावर दोन नावं लिहून जोडी जुळते का बघायचो तो फ्लेम्स पण आहे. पोरींनी तो प्रोग्राम कुणाकुणाच्या नावाने चालवला ते मी विचारलं नाही.

मला सगळ्यात आवडला तो तीन दरवाज्यांचा भाग. तीन दारं, एकामागे गाडी, दोघांमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता, मग समोरचा माणूस (त्याला सगळं माहीत असतं) उरलेल्यांतलं एक बकरीवालं उघडून दाखवतो आणि विचारतो, बदलायचंय का. आमच्या वर्गात याच्यावर शब्दशः भांडण झालं. मागच्या बाकावरचा एक जण, एरवी तोंडातून अवाक्षर काढत नाही, तो उभा राहून म्हणाला, मॅडम दोन दारं राहिली म्हणजे फिफ्टी-फिफ्टी, याच्यात बदलून काय उपयोग. मी म्हणलं भांडू नका, प्रोग्राम लिहा आणि हजार वेळा खेळून बघा. लिहिला. बदलल्यावर साडेसहाशेच्या वर वेळा गाडी. त्याने परत चालवला. परत तेवढ्यातच. मग तो स्वतःच फळ्यावर जाऊन मांडायला लागला की अरे पहिल्यांदा निवडतानाच तीनपैकी दोन वेळा आपण चुकलेलो असतो ना, मग बदललं की तेवढ्या दोन वेळा जिंकणारच. त्या दिवशी बेल झाली तरी कुणी उठलं नाही, आणि पाच वर्षांच्या नोकरीत असं माझ्या हाताने दोन-तीनदाच झालंय. यात माझा हात कितीसा म्हणा, कोर्सचाच जास्त.

म्हणून कोर्सला पाच स्टार. याच्यावर माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती आमच्याबद्दल, आणि हा रिव्ह्यू खरं तर तिथून सुरू होतो.

मी सेहेचाळीस जणांची नावं घातली होती. पहिल्या आठवड्याची असाइनमेंट एकतीस जणांनी भरली. परीक्षेची फी एकोणीस जणांनी भरली, अठरा जण बसले, तेरा पास. आमच्या प्राचार्यांना हे ऐकून वाईट वाटलं, मला नाही वाटलं, कारण मधे काय काय झालं ते मी बघितलंय.

पहिलं सांगते ईमेल. प्रत्येकाच्या हातात फोन, प्रत्येकाचं इन्स्टा, आणि लॉगिन करायला बसलो तर निम्म्या लोकांना स्वतःचा जीमेल पासवर्ड माहीत नाही. "मॅडम, तो मावसभावाने काढून दिलाय." "मॅडम, मोबाईलच्या दुकानवाल्याने काढलाय, पासवर्ड त्याच्याकडे." एकाच्या ईमेलमध्ये राजे आणि डबल ओ सेव्हन होतं, एकीच्या अकाउंटला नाव 'पापाची परी'. आणि इथे एक गोष्ट कोर्स लावणाऱ्या सगळ्यांनी लिहून ठेवा: ज्या ईमेलने कोर्सला नाव घातलं त्याच ईमेलने परीक्षेचा फॉर्म भरायचा, नाहीतर असाइनमेंटचे मार्क एकीकडे आणि परीक्षा दुसरीकडे. आमच्यातल्या तिघांनी कोर्स एका ईमेलवर केला, मग पासवर्ड विसरले, मग नवीन ईमेल काढला (आठवण्यापेक्षा नवीन काढणं सोपं, हे यांचं लॉजिक) आणि फॉर्म भरायला बसले नव्याने. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी हे लक्षात आलं. त्या संध्याकाळी मी तीन पोरांच्या मावसभावांशी फोनवर बोललेय.

दुसरं कीबोर्ड. पहिल्या दिवशी लॅबमध्ये एक मुलगी मॉनिटरच्या काचेवर बोट टेकवून पान वर सरकवायला बघत होती. शेजारची हसली. मी हसले नाही, कारण तिने आयुष्यात बघितलेला प्रत्येक स्क्रीन तसाच सरकतो, तिचं काय चुकलं. नॅशनल सॅम्पल सर्व्हेच्या २०१७-१८ च्या पाहणीत खेड्यांतल्या शंभर घरांत साडेचार घरांत पण कॉम्प्युटर नव्हता, ४.४ टक्के, शहरात २३.४. आता थोडं पुढेमागे झालं असेल पण आमच्या गावांत मी तरी फरक बघितलेला नाही, फोन आले, कॉम्प्युटर नाही आले. तर ही पोरं दोन अंगठ्यांनी माझ्या दुप्पट स्पीडने टाइप करतात आणि कीबोर्डवर मोठं अक्षर काढायला कॅप्स लॉक दाबणार, अक्षर दाबणार, परत कॅप्स लॉक दाबणार. शिफ्ट दाबून धरायची असते हे सांगितल्यावर एक जण म्हणाला, "मॅडम, हे आधी का नाही सांगितलं कुणी?" काय उत्तर देणार.

आणि गंमत म्हणजे यातल्या बहुतेकांकडे एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट आहे! महाराष्ट्रात कुणाकडे नाही? २००१ ला सुरू झालं ते, माझ्या मोठ्या बहिणीने केलं, मी केलं, आमच्या शेजारच्या काकूंनी पन्नाशीत केलं. कोर्स वाईट नाही, मनापासून केला तर भरपूर येतं, पण आपल्याकडे तो भरतीच्या फॉर्ममधला रकाना भरायला करतात, आणि रकाना भरला की माणूस कॉम्प्युटर बंद करतो. तर त्या पोरांना कॉम्प्युटरवर लिहायचं म्हणजे वर्ड हे पक्कं डोक्यात. दोघांनी पहिला पायथन प्रोग्राम वर्डमध्ये लिहिला आणि तिथून कॉपी करून आणला. वर्ड म्हणजे नीटनेटकं माणूस, त्याने 'प्रिंट' शब्दातला पहिला पी आपणहून कॅपिटल केला, आणि सरळ अवतरण चिन्हं छान गोल वळणाची करून टाकली. पत्र असतं तर शोभलं असतं. पायथनला असलं काही चालत नाही, लाल अक्षरात एरर. दोघं पाऊण तास त्या एका ओळीकडे बघत बसले होते, अक्षर न् अक्षर पुस्तकासारखं आहे मग चुकतंय कुठे. मला पण लगेच दिसलं नाही, चष्मा पुसून बघितल्यावर दिसलं.

त्याच २००१ सालात मार्क प्रेन्स्की नावाच्या अमेरिकन लेखकाने 'डिजिटल नेटिव्ह' हा शब्द काढला, की ही नवी पिढी कॉम्प्युटर-गेमच्या भाषेतच जन्मलीये, आपण जुने लोक बाहेरून आलेले. तेव्हापासून प्रत्येक वर्कशॉपमध्ये कुणीतरी सर हा शब्द वापरतातच. मला वाटतं मासा पाण्यात जन्मतो म्हणून त्याला पोहरा ओढता येत नाही. रील बघणं वेगळं आणि फाईल कुठे सेव्ह झाली ते शोधणं वेगळं. आमच्या पोरांना 'फोल्डर' ही गोष्टच कळत नव्हती, फोनमध्ये सगळं आपोआप गॅलरीत जातं ना. प्रोग्राम पाठव म्हणलं की मॉनिटरचा फोटो काढून व्हॉट्सअॅपला टाकायचे, तो पण तिरका, मधे ट्यूबलाइटचा उजेड.

पण हे सगळं, ईमेल, शिफ्ट, फोल्डर, हे दोन आठवड्यांत शिकवता येतं. खरी अडचण वेगळीच निघाली आणि ती कळायला मला पाचवा आठवडा उजाडावा लागला.

एक मुलगा होता, हुशार, गणितात चांगला, पण असाइनमेंटला सारखे दहातले तीन, दहातले दोन. विचारलं, व्हिडिओ बघतोस का? म्हणाला, सगळे बघतो मॅडम, रविवारी एकदम बघतो. मी म्हणलं बस माझ्यासमोर आणि बघ. बसला. एकामागून एक व्हिडिओ लावले, हाताची घडी, टेकून बसलेला, पिक्चर बघतात तसा. पाचव्या मिनिटाला मी स्पेसबार दाबून व्हिडिओ थांबवला आणि विचारलं, आत्ता लिस्ट म्हणजे काय म्हणाले? गप्प. मागे नेला, परत लावला, परत थांबवला, म्हणलं आता हे चार ओळींचं तू स्वतः लिही. तो वैतागला. "मॅडम तुम्ही सारखं थांबवताय, लिंक तुटती."

तिथे माझी ट्यूब पेटली. या पोरांनी बारा-चौदा वर्षं वर्गात बसून मास्तर थांबत नाहीत हेच बघितलंय. नाही कळलं तर हात वर करून सर थांबा म्हणायची सोय कुठे होती, म्हणलं तर कोण तू शहाणा. मग लॉकडाउनमध्ये फोनवर शाळा झाली, तिथे तर हजेरीला अंगठा टाकायचा, आवाज बंद करायचा आणि शेतात जायचं. म्हणजे शिकवणं हे वरून पाऊस पडल्यासारखं पडतं, आपण खाली उभं राहायचं, जेवढं अंगावर आलं तेवढं आपलं. आणि रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओचा सगळा फायदा काय, तर तो थांबवता येतो! आयआयटीच्या प्रोफेसरला तुम्ही दहा वेळा मागे न्या, ते चिडत नाहीत. पोरं रील अंगठ्याने अर्ध्या सेकंदात पुढे ढकलतात, पण मागे न्यायची सवय कुणालाच नाही. ते गिअरचं चिन्ह दाबून स्पीड पाऊणपट करता येतो, खाली इंग्लिश अक्षरं लावता येतात, हे सांगितल्यावर "इंग्लिश फास्ट आहे" ही तक्रार निम्मी कमी झाली. सरांचं इंग्लिश आपल्यासारखंच साधं आहे, पण आमची पोरं दहावीपर्यंत मराठी मीडियमची, त्यांना एक वाक्य पचवून दुसऱ्याकडे जायला वेळ लागतो आणि तो वेळ त्यांनी स्वतः घ्यायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

मग मी एक नियम काढला. लॅबमध्ये व्हिडिओ बघताना प्रत्येकाने वहीत लिहायचं की कितव्या मिनिटाला थांबवला आणि का. सुरुवातीला बोंबाबोंब झाली, एकाने तर दर पाच मिनिटाला 'पाणी प्यायला थांबवला' असं लिहिलं होतं. पण तीन आठवड्यांनी वह्या बघितल्या तर खरंच प्रश्न होते त्यात. "७ मि. १० से. - रेंज १० म्हणल्यावर १० का नाही येत, ९ लाच का थांबतं." (पायथनमध्ये रेंज १० म्हणजे ० ते ९ असे दहा आकडे.) हा प्रश्न वर्गात विचारायला त्या मुलीला जन्म लागला असता.

मुलींचं वेगळं सांगायला पाहिजे. सगळ्यांकडे फोन आहे असं मी वर लिहिलंय ना, ते अर्धं खरं. सहा मुलींचा फोन हा घरचा फोन आहे, म्हणजे दादा घरी नसला की दादाकडे आणि घरी असला तरी दादाकडे. असाइनमेंटची मुदत बुधवारी रात्री ११:५९. कोर्सवाल्यांनी तसं मुद्दाम केलं असणार की दिवसभर काम करणाऱ्याला पण वेळ मिळावा, चांगलंच आहे, पण आमच्याकडे रात्री नऊ नंतर मुलीच्या हातात फोन दिसला तर घरात वेगळीच चौकशी सुरू होते. एकीच्या आईला मी फोन केला तर त्या म्हणाल्या, "मॅडम, अभ्यास वहीत करतात ना?" त्यांना काय नावं ठेवणार, त्यांनी बघितलेला अभ्यास वहीतलाच आहे. शेवटी आम्ही आमची मुदत मंगळवार दुपार ठरवली, लॅबमध्ये, कॉलेज सुटायच्या आधी. त्या सहाही मुली परीक्षेला बसल्या आणि सहाही पास आहेत, तेरातल्या सहा. मुलांमध्ये हे प्रमाण काय आहे ते तुम्हीच काढा, बोर्डावर लिहून दाखवलं होतं मी.

गणपतीत अर्धा वर्ग गायब. मंडळाची वर्गणी, ढोल, मग विसर्जन, मग थकवा. बारापैकी उत्तम आठ असाइनमेंटचेच मार्क धरतात म्हणून वाचलो, नाहीतर तिथेच कोर्स संपला होता. ही आठवाली सोय मी मुद्दाम सहाव्या आठवड्यापर्यंत पोरांना सांगितली नव्हती. सांगितली असती तर पहिल्या चारच बुडवल्या असत्या.

आता नाजूक विषय. युट्यूबवर कोर्सचं नाव आणि आठवड्याचा नंबर टाकला की उत्तरं सांगणारे चॅनल येतात, टेलिग्रामचे ग्रुप आहेत, आणि चॅटजीपीटी तर आहेच. आमच्यातल्या एका मुलाला असाइनमेंटमध्ये पंचवीसपैकी चोवीस होते. पूर्ण बॅचमध्ये सगळ्यात जास्त. मी त्याचं वर्गात कौतुक पण केलं, आता आठवलं की कसंतरी होतं. परीक्षेत पंचाहत्तरपैकी एकवीस. बेरीज पंचेचाळीस होते, पासिंग चाळीसला आहे, मग तो म्हणाला पास झालो. नाही बाळा. असाइनमेंटमध्ये पंचवीसपैकी दहा आणि परीक्षेत पंचाहत्तरपैकी तीस, दोन्ही वेगवेगळे लागतात. हा नियम ज्याने केला त्याला पोरं चांगली ओळखता येतात.

मी चॅटजीपीटीच्या विरोधात नाही, मी स्वतः वापरते, मला एररचा अर्थ सांगून घ्यायला तो बरा पडतो. त्या मुलाला पण मी नंतर हेच विचारलं, तू त्याला काय विचारायचास? म्हणाला, प्रश्नाचा फोटो टाकायचो. बास. नुसता फोटो. आणि ती गणपतीनंतर नियमाने लॅबमध्ये येणारी एक मुलगी आहे, ती त्यालाच मराठीत विचारायची, "उत्तर सांगू नको, माझी चूक कोणत्या ओळीत आहे तेवढं सांग." हे तिला मी शिकवलेलं नाही. तिला सर्टिफिकेटवर एलिट आलंय, म्हणजे शंभरपैकी साठ किंवा जास्त.

मधे एक दुसरी गोष्ट वापरली तिचा पण रिव्ह्यू इथेच देऊन टाकते, आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल, प्रा. कन्नन मौद्गल्य यांचा प्रकल्प. जवळपास दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, आवाज बावीस भारतीय भाषांत, मराठी आहेच. यातली हुशारी अशी की बोलणं मराठीत पण स्क्रीनवरचं सगळं इंग्लिशच ठेवलंय, म्हणजे पोराला कळतं मराठीत आणि बटणं ओळखायला येतात नोकरीतल्यासारखी. आणि पद्धत अशी की स्क्रीनच्या एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला ते सॉफ्टवेअर, त्यांनी एक स्टेप केली की थांबवायचं आणि आपण तीच करायची. म्हणजे मी पाच आठवडे घसा फोडून जे सांगत होते ते यांनी आधीच मांडून ठेवलेलं! आम्ही लिब्रे ऑफिस आणि लिनक्सचे केले, फाईल-फोल्डरचं भूत तिथे उतरलं. मराठी जरा पुस्तकी आहे, एक पोरगं 'आज्ञावली' (म्हणजे आपला प्रोग्राम) ऐकून हसत सुटलं होतं, पण पाच स्टारच. कोर्स सुरू व्हायच्या आधी हे करून घेतलं असतं तर सेहेचाळीसचे अठरा झाले नसते, असं माझं मत.

परीक्षा पुण्यात. कॉम्प्युटरवर, तीन तास, सकाळी नऊची. आम्ही कुर्डुवाडीहून रात्रीची सिद्धेश्वर पकडली, जनरलचा डबा, दारात बसून अठरातले चौदा, बाकीचे पाहुण्यांकडे आधीच गेलेले. पहाटे पुणे स्टेशनला उतरलो तर उजाडायला अजून बराच वेळ, मग प्लॅटफॉर्मवर वर्तमानपत्र अंथरून पोरांनी एकमेकांना प्रश्न विचारले. चहावाला पण येऊन ऐकून गेला. हॉल तिकिटाची प्रिंट आणि ओळखपत्र ओरिजिनल लागतं, मी आठ वेळा सांगितलं होतं तरी एकाने आधारचा फोटो मोबाईलमध्ये आणला होता. स्टेशनवरून त्याच्या घरी फोन, घरच्यांनी हडपसरला राहणाऱ्या चुलत्याला उठवलं, त्याच्याकडे पुतण्याचं लायसन्स पडलेलं निघालं, चुलता सव्वाआठला सेंटरच्या गेटवर बाईकवर हजर, बनियनवर जर्किन घालून. अशी आमची डिजिटल परीक्षा.

बाहेर आल्यावर एकजण म्हणाला, "मॅडम, पेपर अवघड नव्हता, माऊस नवीन होता." लॅबमधल्या आमच्या माऊसचं मधलं चाक चालत नाही, त्याला वाटलं होतं ते शोभेचं असतं.

तर कुणी घ्यावा? ज्याच्याकडे आठवड्याला चार-पाच तास आहेत आणि बसायला कीबोर्डवालं काहीतरी आहे त्याने डोळे झाकून घ्यावा, कोणत्या पण शाखेचा असो, आमच्यात दोन झूलॉजीच्या मुली होत्या. नुसत्या फोनवर करू नका, व्हिडिओ बघून होतील पण प्रोग्राम लिहून होणार नाहीत. क्रेडिटसाठी कॉलेजने सांगितलंय म्हणून दीडशे पोरांची यादी एका दिवसात भरणार असाल तर कृपया नका करू, ती दीडशे नावं नंतर कुणाच्या तरी फाईलमध्ये 'ऑनलाइन शिक्षणाला विद्यार्थ्यांचा अल्प प्रतिसाद' म्हणून जाणार आणि पोरांचं नाव खराब होणार. एका मास्तराला पंचवीसच्या वर पोरं झेपत नाहीत, मी सेहेचाळीस घेतली ही माझीच हाव. आणि जो कुणी पोरांना बसवणार आहे त्याने स्वतः पण नाव घाला. मला सहाव्या आठवड्यात दहातले चार पडले होते ते मी स्क्रीनवर सगळ्यांना दाखवलं, त्यानंतर मला प्रश्न जास्त यायला लागले.

आम्हाला दोन स्टार दिलेत त्यातला एक त्या मंगळवारच्या मुलींचा आणि एक त्या मागच्या बाकवाल्याचा. उरलेले तीन माझे, कॉलेजचे आणि बंद पडलेल्या पाच कॉम्प्युटरचे गेले.

जानेवारीच्या बॅचला पंचवीसच घेणारे. आधीचे दोन आठवडे पायथनचं नाव पण काढायचं नाही, स्वतःचा ईमेल, पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर (हो, वहीतच, सिक्युरिटीवाल्यांनी मला शिकवू नका), शिफ्ट, फोल्डर आणि थांबवायचं बटण. माऊस सहा नवीन मागवलेत, मंजुरी यायचीये. लॅबची चावी शनिवारी पण माझ्याकडे राहील असं शिपाईमामांशी बोलून ठेवलंय, ते म्हणाले चालेल पण पंखे बंद करून जात जा.